तयारीतला माणूस

माझ्या आतेभावाइतका तयार माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत झाला नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. कशासाठी तयार, असं मात्र विचारू नये. तो सगळ्यासाठीच तयार असायचा. इंग्रजी टायपिंग चाळीसच्या वेगानं, मराठी टायपिंग तीसच्या, शिवाय लघुलेखन, हिंदीच्या परीक्षा, मिरजेच्या एका दवाखान्यात केलेला प्रथमोपचाराचा वर्ग, लोणंदच्या एका दुकानदाराशेजारी बसून उचललेली रेडिओ दुरुस्ती आणि सिनेमाचा प्रोजेक्टर चालवण्याचा परवाना. या सगळ्याची प्रमाणपत्रं मेणकापडात गुंडाळून, मेणकापड पत्र्याच्या डब्यात ठेवून आणि डबा सायकलच्या कॅरियरला बांधून तो सांगलीभर फिरायचा. रस्त्यात अवचित एखादी नोकरी भेटली आणि कागद आणायला खोलीवर जावं लागलं, तर तेवढ्यात ती दुसऱ्याच्या गळ्यात पडेल, ही त्याची भीती. "बाजारात ताजं ऱ्हायला पायजे गड्या," तो मला म्हणायचा, "कालची मेथी कोन घेतंय?" दर सहा महिन्यांनी तो स्वतःवर नवं पाणी शिंपडून घ्यायचा, म्हणजे आणखी एक परीक्षा द्यायचा, आणि पुन्हा बाजारात बसायचा. गिऱ्हाईक यायचं, चौकशी करायचं आणि पुढच्या टोपलीकडं जायचं.

मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणून त्याला दादा म्हणायचो. सांगलीत आम्ही एका खोलीत राहायचो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि ही गोष्ट मी तेव्हा विसरत नव्हतो, दुसऱ्यालाही विसरू देत नव्हतो. बी.ए. झालो त्या दिवशी आमच्या आबांनी बैलांनाही गूळ चारला होता. एकदा पदवी मिळाली की माणूस कायमचा शिकलेला होतो, असं माझं पक्कं मत होतं. दादाला ते मान्य नव्हतं. "बीएसाहेब," तो म्हणायचा, "तुजी डिग्री म्हंजे बेंदराच्या बैलाची झूल रं. एक दिवस मिरवलं, दुसऱ्या दिवशी हायच की औत." मला राग यायचा. त्याहून जास्त राग यायचा तो मलाही दोन वर्षं नोकरी लागत नव्हती याचा, आणि तो काढायला जवळ हाच एक माणूस होता.

त्याची बोटं कधी स्वस्थ नसायची. पहाटे पाचला मला जाग यायची ती खाटेच्या पट्टीवर चाललेल्या त्याच्या टायपिंगनं. खानावळीत तो ताटाच्या काठावर टाइप करायचा, एस.टी.त पुढच्या बाकाच्या पाठीवर. एकदा तर पुढच्या म्हाताऱ्याच्या पाठीवरच अर्धा अर्ज टाइप करून मोकळा झाला. म्हातारा वळून म्हणाला, "आता आलाच हाईस तर जरा वर खाजीव." त्याला मुलगी दाखवायला नेलं, तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन तो मुलीचं नाव मनातल्या मनात टाइप करत बसला. बशी खुळखुळायला लागली. मुलीचा बाप आमच्या आत्याला बाजूला घेऊन म्हणाला, "आवं, पोराला वारं हाय व्हय अंगात?" ते स्थळ तिथंच मोडलं. परतताना दादा एवढंच म्हणाला, "नाव चांगलं हुतं. सगळी अक्षरं मदल्या वळीत येत हुती."

ही सगळी तयारी एका मुदतीत बसवायची होती, आणि ती मुदत घातली होती आमच्या गावच्या मास्तरांनी. आमच्याकडं मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. मास्तर मुलाची उंची बघायचे, दात बघायचे आणि पटावर लिहायचे : एक जून. दादा एक जूनचा, मी एक जूनचा, वर्गातली झाडून सगळी पोरं एक जूनची. आत्या म्हणायची, "माजं प्वार कार्तिकातलं हाय. पुनव झाल्यावर चौथ्या दिशी झालं, मी न्हवती का तितं?" पण मास्तर तिथं नव्हते, त्यामुळं कागदावर दादा पाच महिने आधीच जन्मला होता. त्याच्या वडिलांनी त्याला बजावलं होतं की अठ्ठावीस पूर्ण होईपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं कोइमतूरला जायचं. थोरल्या भावाचं तिकडं गलाईचं दुकान होतं. विट्याकडची कितीतरी घरं या सोनं वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यावर वर आली आहेत. त्याचं घरही आलं होतं. पैशाला वाण नव्हती. पण थोरला भाऊ सुट्टीला आला की दादा त्याच्या हातांकडं बघत बसायचा. भट्टीनं आणि तेजाबानं त्या बोटांची पेरं गुळगुळीत झाली होती. गरम भाकरी उचलली तरी त्यांना कळायचं नाही. "त्या बोटांनी मशीन चालंल व्हय रं?" त्यानं मला एकदा विचारलं.

त्याचं अठ्ठाविसावं वर्ष सरत आलं तेव्हा जवळच्या एका साखर कारखान्याच्या सांगलीतल्या ऑफिसात पंचकार्डाचं यंत्र येणार, अशी बातमी आली. जाड कागदाच्या कार्डावर उसाच्या वजनाचे आकडे भोकांनी नोंदवायचे, आणि ती कार्डं पुण्याला एका कॉम्प्युटरकडं पाठवायची. कॉम्प्युटर म्हणजे काय ते सांगलीत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते त्याच्याविरुद्ध मोर्चे काढत होते. दादा मात्र दुसऱ्या दिवशी कुठूनतरी एक रद्दी कार्ड पैदा करून घेऊन आला. ऐंशी उभे रकाने. आकडा असेल तर रकान्यात एक भोक, अक्षर असेल तर दोन. आठवड्यात त्याला सगळी अक्षरं पाठ झाली. मग सरावासाठी त्यानं ओळखीच्या कंडक्टरकडून तिकिटं टोचायचा जुना चिमटा आणला. चिमटा कार्डाच्या मध्यापर्यंत पोचेना, म्हणून तो लग्नपत्रिकांच्या अरुंद पट्ट्या कापायचा आणि एका पट्टीवर एक अक्षर टोचायचा. ऐन लग्नसराईत आमच्या खोलीत पत्रिका टिकेनात. गावाकडचा एकजण रागावून आला, "लग्नाला का आला न्हाईस?" तर दादानं त्याच्या पुढ्यात पट्ट्यांचा जुडगा धरला. "हे बघ, तुजंच नाव लिवलंय." अर्ज आम्ही दोघांनीही केले. मला तो रोज पट्ट्या वाचायला बसवायचा आणि चुकलो की डोक्यात टपली मारायचा. बी.ए. झालेल्या माणसाला टपली खाणं जड जातं, पण मी खात होतो.

जाहिरातीत अट होती की परीक्षेच्या दिवशी उमेदवाराला अठ्ठावीस पूर्ण झालेली नसावीत. परीक्षा मेच्या मध्याला होती. दादा निवांत होता. आणि त्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला.

यंत्राचा डबा मिरजेच्या यार्डात येऊन अडकला. यंत्र नाही म्हणून परीक्षा नाही. दादा रोज सांगलीहून मिरजेला सायकल मारायचा, यार्डात जायचा आणि त्या बंद डब्यावर तळहात ठेवून उभा राहायचा. एक दिवस मी बरोबर होतो. तिथला पहारेकरी म्हणाला, "डब्याला काय नमस्कार घालतुयास रोज?"

"ह्यात माजी नोकरी हाय," दादा म्हणाला. "एक जूनला वय सरतंय माजं."

"मग उतरून ने की."

"बैलगाडी आनू का? विट्याची आनतो."

पहारेकऱ्यानं त्याच्याकडं निरखून बघितलं. चेष्टा नाही हे त्याला कळलं. त्यानं मुकाट्यानं पानाची चंची काढून पुढं केली. "बस गड्या," तो म्हणाला, "माजंबी पोरगं एक जूनचंच हाय."

मे संपायच्या आत संप मिटला, डबा उघडला, यंत्र ऑफिसात पोचलं. परीक्षा ठरली चार जूनला.

परीक्षेला आम्ही पाचजण होतो. साहेब शांत स्वभावाचे, चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांनी यंत्र कसं चालतं ते दाखवलं : समोर टाइपरायटरसारख्या कळा, कळ दाबली की भोक आपोआप पडतं. दादा जरा वेळ बघत राहिला.

"म्हंजे भोकं ह्योच पाडतुया?"

"हो."

"आन आमी?"

"तुम्ही टाइप करायचं."

"मंग लोकांच्या पत्रिका उगंच फाडल्या," तो माझ्या कानाशी म्हणाला.

पण त्या पट्ट्या वाया जायच्या नव्हत्या. कार्डाच्या वरच्या कडेला अक्षरं उमटतात त्यासाठी एक फीत लागते, ती पुण्याहून यायची राहिली होती. पाचांची कार्डं बाहेर आली ती नुसत्या भोकांची. साहेबांनी ती उलटीसुलटी करून बघितली. काय लिहिलंय ते ऑफिसातल्या कुणाला वाचता येईना. तेव्हा दादा पुढं झाला आणि स्वतःचं कार्ड त्यानं पंचांग वाचावं तसं खडाखडा वाचून दाखवलं. साहेबांनी मूळ पावतीशी ताडून बघितलं. चूक नव्हती, आणि वेळही सगळ्यांत कमी. ते खुर्चीत सरळ बसले आणि त्यांनी दादाचे कागद मागितले. तो पत्र्याचा डबा पहिल्यांदाच कुणी आपणहून मागत होतं. वरचाच कागद शाळेच्या दाखल्याचा होता.

"एक जून," साहेब म्हणाले. "तीन दिवस झाले की हो."

"साहेब, मी कार्तिकातला हाय. आईला इचारा."

"आईचा शिक्का असतो का कुठं?" साहेब हे चेष्टेनं म्हणाले नाहीत. त्यांनी दाखला दोनदा वाचला, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर तारीख बदलेल. मग कागद घडीवर घडी घालून परत दिला.

दादानं डबा बंद केला. बाहेर पडणार तोच साहेब जरा ओशाळून म्हणाले, "आता आलाच आहात, तर एवढी बाकीची चार कार्डं वाचून द्याल का?" तो परत बसला. ज्या नोकरीसाठी त्याला आत्ताच नाही म्हटलं होतं, तिचंच काम तो शर्टाच्या बाह्या सारून करायला लागला. तिघांची कार्डं वाचली, चुका दाखवल्या. चौथं माझं होतं. माझी चूक मला कळ दाबताक्षणीच कळली होती : पावतीवर सत्तावीस टन होते आणि मी अठ्ठावीस दाबले होते. दादानं कार्ड खिडकीकडं धरलं, त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि वाचलं, "सत्तावीस." साहेबांनी पावतीवर बरोबरची खूण केली.

रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, "दादा, माझ्या कार्डात चूक होती."

"कुटं? मला न्हाई दिसली."

"तू खोटं वाचलंस."

सायकल ढकलत तो चौकापर्यंत आला. मग म्हणाला, "खरं वाचून माजं काय झालं, बघितलंस न्हवं? चल, भूक लागलीया."

चार दिवसांनी मी त्याला मिरजेला गाडीत बसवून दिलं. डबा त्यानं नेला, चिमटा माझ्याकडं टाकला. "भट्टीपाशी काय टोचू मी," म्हणाला.

त्याला आता काही वर्षं झाली. मी त्या यंत्रावर स्थिरस्थावर झालो, लग्न झालं, गावात लोक मला कॉम्प्युटरवाला म्हणतात. ही नोकरी कशी लागली हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पदवीवर लागली, असंच म्हणत आलो. आणि आता ऑफिसात सूचना लागली आहे की कार्डं जाणार, पडद्याचं नवं यंत्र येणार, जुन्या माणसांनी पुण्याला जाऊन शिकून यावं. तरुण मुलं अर्ज घेऊन दाराशी उभी आहेतच. मी खरोखर दमलो आहे. एकदा शिकलेला माणूस कायमचा शिकलेला असतो, हे मत मी कधी सोडलं तेही आठवत नाही. नव्या यंत्राचं पुस्तक मी दादाला पाठवून दिलं, कारण तो प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारतो, "तिकडं नवीन काय आलंय?" माझा दुसरा धडा व्हायच्या आत त्याचं सातव्या धड्याचं टिपण आलं. अक्षर थोडं बिघडलं आहे. खाली लिहिलं होतं, "पेरांची कातडी गेली, पन वळण हाय. आता मला कुनी घेनार न्हाई, म्हनून निवांत शिकतोय. तू घाबरू नगंस."

दर एक जूनला त्याचं एक पोस्टकार्ड येतं. तिकडंही त्यानं कुणा कंडक्टरकडून चिमटा पैदा केलेला दिसतो. कार्डाच्या दोन्ही कडांना पेन्सिलीनं शून्यापासून नवापर्यंतचे आकडे लिहिलेले असतात. डाव्या कडेला दोनावर एक भोक, उजव्या कडेला सातावर एक : सत्तावीस. मजकूर दरवर्षी तोच, एका ओळीचा : "खरं वय कार्तिकात कळवीन."

कार्तिक येतो, पुनव होते, चौथा दिवसही उलटून जातो. ते पत्र अजून आलेलं नाही.