‘सायकल येते’ म्हणणाऱ्या मॅडम

तिसऱ्या सायकलवरून मॅडम उतरल्या. उतरल्या कसल्या, पडल्याच. मी हँडल धरलं म्हणून वाचल्या.

"भाऊ, हीबी बराबर न्हाई. दुसरी दाखवा."

मी जालन्यात एका सायकलच्या दुकानात वीस वर्षांपासून फिटर आहे. माणूस दारातून आत आला की त्याच्या टांगेवरून साइज सांगतो. पण त्या दिवशी माझं डोकंच चालंना.

मॅडम आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या, शाळेत शिक्षिका, वय अठ्ठेचाळीस. शुगर वाढलेली. डॉक्टरांनी बजावलेलं, तीन महिने व्यायाम करा, न्हाईतर इन्सुलिन. चालून गुडघे दुखायचे, म्हणून सायकल. सुईचं नाव काढलं तरी त्यांचे डोळे भरायचे. त्यांच्या आईचा शेवटचा काळ सुया टोचून घेण्यातच गेल्ता.

पहिली दाखवली जाड टायरची, पुढं स्प्रिंगवाली. डांबरी रस्त्याला ते नुसतं ओझं, पण शेठचा आग्रह. पडल्या. मग हायब्रिड, म्हणजे ना जाड ना पातळ टायरची; डांबरीलाही चालते, पांदीच्या कच्च्या वाटेलाही. सीट मापात लावली. सीटवर बसून खालच्या पायडलवर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, एवढंच ते माप. मी धरून बसवलं, तरी पडल्या. तिसरी दिली लेडीज.

"हिला मधली दांडीच न्हाई! धरू काय?"

"दांडी कशाला धरायची, मॅडम?"

"मंग काय धरायचं?"

मी शेठकडं बघितलं, शेठनं माझ्याकडं.

"तू साइज चुकून राह्यला," शेठ म्हणाले.

"साइज बिलकुल बराबर आहे, शेठ."

"मंग पडून कशा राह्यल्या?"

काय सांगणार, कपाळ! मलाच कळेना. शेवटी विचारलं, "मॅडम, सायकल येते ना नक्की?"

त्या भडकल्या. "येते म्हंजे? सातवीपर्यंत रोज वावरात आप्पाचा डबा घेऊन जात होते मी!"

वैतागून मी रिपेअरला आलेली एका दूधवाल्याची जुनी काळी सायकल काढली. "घ्या. दाखवा चालवून."

मॅडमनी ओढणी कमरेला बांधली. डावा हात हँडलवर, उजव्या हातानं दांडीला मिठी, अन् उजवा पाय दांडीखालून पलीकडच्या पायडलवर. वाकड्या होऊन सुर्रकन चौकापर्यंत गेल्या, परत आल्या. हाफ पायडल! लहानपणी आम्ही सगळे असेच शिकलो. पण पुढं आम्ही सीटवर चढलो.

"म्हंजे आजच्या आधी सीटवर कधीच न्हाई बसल्या?"

"पाय पुरत नव्हते. पुरायला लागले, तवा घरच्यांनी सायकल बंद केली."

मला फार वाईट वाटलं. अन् स्वतःचा रागही आला. तासभर मी साइज मोजत बसलो होतो.

हायब्रिडच दिली. सीट एवढी खाली घेतली की बसून दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत. अन् दोन्ही पायडल खोलून पिशवीत घातले. "आठ दिवस शाळेच्या मैदानावर सीटवर बसून नुसती पायानं ढकला. तोल आला की कुणाकडूनही पायडल लावून घ्या."

"बिनपायडलची सायकल विकली यानं!" शेठनं कपाळावर हात मारला.

तीन महिन्यांनी मॅडम सायकल टेम्पोत टाकून आल्या. सीट वर करून पाहिजे होती. पाय दुमडून राह्यले म्हणे.

"सुईचं काय झालं?"

"सध्या तरी न्हाई म्हणाले डॉक्टर." अन् तिथंच रडल्या.

आता गिऱ्हाइकाला ‘सायकल येते का’ असं मी विचारत न्हाई. ‘सीटवर बसून येते का’ असं विचारतो. पुरुष चिडतात. काही बाया मात्र खाली बघतात. मंग मी पायडल खोलायला पाना उचलतो.