राखीव धुरकरी

उकंडाजी तायडेंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वाकून खडे वेचत होते. बोरी अरबच्या बाहेर पडीत रानात शंकरपट भरणार होता. मी त्या भागातल्या शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो, आणि माझ्याजवळ स्टॉपवॉच आहे एवढ्या पात्रतेवर पट भरवणाऱ्या मंडळींनी मला वेळ मोजायला बोलावलं होतं. बैलजोडी हलक्या छकडीला जुंपायची, आखलेल्या सरळ पट्ट्यावरून एकेक जोडी सोडायची, आणि सगळ्यांत कमी सेकंदात पोहोचेल ती पहिली, असा हा साधा खेळ. सकाळी मी जागा पाहायला गेलो तर पन्नाशीचा एक काटकुळा माणूस त्या पट्ट्यावरून अनवाणी चालत होता. चार पावलं टाकायचा, थांबायचा, पायाखालचा खडा उचलून सदऱ्याच्या खिशात टाकायचा. मला वाटलं, साफसफाईला लावलेला कोणी असेल. "इथून बाजूला व्हा, जोड्या यायची वेळ झाली," असं मी त्यांना सांगितलं.

ते बाजूला झाले. जाताना शांतपणे म्हणाले, "होतो ना मास्तर. पन जे माह्या पायाले रुतते, ते बैलाले रुतल्याबिगर राहील काय?"

दुपारी तोच माणूस गुलाबरावांच्या जोडीच्या छकडीवर उकिडवा बसलेला दिसला, तेव्हा माझी मान खाली गेली. गुलाबराव हे गावातले मोठे कास्तकार. कापूस, तूर, सोयाबीन, सगळं होतं. पण त्यांची ओळख होती ती पाखऱ्या आणि चांद्या या जोडीमुळे, आणि जोडीची ओळख होती ती उकंडाजींमुळे. आमच्याकडे पटाची जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. उकंडाजी वीस वर्षं धुरकरी होते. बाकीचे धुरकरी आरडाओरडा करत, शेपट्या पिरगाळत, तुतारी, म्हणजे टोकाला खिळा लावलेली काठी, टोचत. उकंडाजींच्या हातात नुसते कासरे असायचे. झेंडी पडली की ते पुढे झुकून काहीतरी पुटपुटायचे आणि जोडी अशी यायची की बटण दाबायला माझा अंगठा उशीर करील अशी मला भीती वाटायची.

काय पुटपुटता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "काई नाई. त्याईले सांगतो का मी हावो मांगं. धावाचं काम त्याईचं. आपन फक्त आडवं यायचं नाई."

हे शेवटचं वाक्य ते पुष्कळदा वापरत. मुलीने शिवणकाम शिकायला यवतमाळला जायचं म्हटलं तेव्हा बायको, रुखमाबाई, नको म्हणत होती. तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते. त्यांच्या वडिलांनी धर्मांतराच्या पहिल्या काही वर्षांतच दीक्षा घेतलेली. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली, बरंच अंतर सोडून, पाखऱ्या-चांद्याबरोबरचा उकंडाजींचा फोटो. पट सुटायच्या आधी इतर लोक नारळ फोडत. उकंडाजी दोन्ही बैलांच्या कपाळावर तळहात ठेवून जरा वेळ उभे राहत. जिंकल्यावर हार गुलाबरावांच्या गळ्यात पडायचा. मला ते खटकायचं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. उकंडाजी हसले. "हार पाखऱ्यानं खाल्ला पाह्यजे. बाकी कोनाच्या गयात घातला तरी सुकतेच."

पट हा हिवाळ्यातला खेळ. पावसाळ्यात उकंडाजी गुलाबरावांच्याच कापसावर फवारणी करत. ती वर्षं कापसाला लागलेल्या अळीची होती. एक फवारणी झाली की आठ दिवसांत दुसरी, एका औषधाने मरत नाही म्हणून दोन औषधं एकत्र, मग तीन. शाळेत येताना वाटेवरच्या शेतांतून वास यायचा आणि मुलं नाकाला रुमाल लावून वर्गात बसायची. त्या वर्षी कापूस खांद्याच्या वर वाढला होता, म्हणजे पंपाचा दांडा उंच धरावा लागायचा आणि फवारा वाऱ्याने तोंडावर यायचा. एका दुपारी पाठीवरच्या पंपाची नळी सुटली आणि औषधाची धार उकंडाजींच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर बसली. शेतातल्या बायांनी विहिरीवर नेऊन डोळा धुतला. संध्याकाळपर्यंत त्यांना उलट्या सुरू झाल्या. यवतमाळच्या दवाखान्यात ते अकरा दिवस होते. मी भेटायला गेलो तेव्हा त्या वॉर्डात फवारणीचेच आणखी सहा-सात जण होते आणि सगळे छताकडे पाहत पडले होते.

ते परत आले तेव्हा डोळा वरून बरा दिसत होता. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पौषात सराव सुरू झाला आणि मी घड्याळ घेऊन उभा राहिलो. सेकंद फारसे वाढले नव्हते. पण जोडी सरळ येत नव्हती. अर्ध्या पट्ट्यानंतर ती डावीकडे झुकायची, अगदी थोडी, हातभर. दोन-तीन दिवस मी पाहिलं. चौथ्या दिवशी उकंडाजी बैलांना पाणी पाजत होते. तिथे मी गेलो आणि काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "मास्तर, तुमाले समजलं दिसते."

मी होय म्हटलं.

"चांद्या मले दिसून नाई राह्यला," ते म्हणाले. चांद्या डाव्या अंगाला जुंपला जायचा. "पाखऱ्या दिसते. चांद्याच्या जागी नुसतं पांढरं हाये, धुक्यावानी. कासऱ्यावरून समजते थो कुठं हाये ते. बोटंही आता बधिर झाली, पन समजते. एवढा एक हंगाम काढू द्या मले. कोनाले सांगू नोका."

मी कोणालाही सांगितलं नाही. आज वाटतं, सांगायला हवं होतं. पण वीस वर्षं ज्या माणसाने बैलाला ओरखडा येऊ दिला नाही, त्याची गोष्ट दुसऱ्याच्या कानावर घालायची म्हणजे चहाडी वाटली. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांना छकडीवर पाहायचं होतं. म्हणून मी दर पटाला शेवटच्या रेषेवर उभा राहायचो, घड्याळ हातात, आणि डोळे घड्याळाऐवजी त्या डाव्या चाकावर.

दोन पट नीट गेले. तिसरा पुसदकडच्या एका गावात होता. गर्दी मोठी होती, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या मातीच्या बांधांवर माणसं दाटीने उभी होती. जोडी सुटली. अर्ध्यात आल्यावर ती झुकली, आणि या वेळी हातभर नाही, पुरती झुकली. डावं चाक बांधावर चढलं. लोक ओरडत मागे पडले. फुटाणे विकणारी एक बाई पोटाशी धरलेल्या टोपलीसकट पाठमोरी होती. शेजारच्या कोणीतरी तिला दंडाला धरून ओढलं आणि चाक ती उभी होती त्या जागेवरून गेलं. टोपली उडाली. उकंडाजींनी जोडी सावरली, रेषेपर्यंत आणली. मी बटण दाबलंच नव्हतं. कोणी वेळ विचारली नाही.

ते छकडीवरून उतरून माघारी चालत त्या जागी गेले. बाई खाली बसून रडत होती, लागलं मात्र काही नव्हतं. उकंडाजी तिच्यासमोर बसले आणि मातीतून फुटाणे वेचायला लागले. एकेक दाणा बोटांनी चाचपून, फुंकर मारून टोपलीत टाकत होते. बाई म्हणाली, राहू द्या बाबा, आता ते कोण खाईल. तरी ते वेचत राहिले. मी हाताला धरून उठवलं तेव्हा एवढंच म्हणाले, "मले दिसलीच नाई थे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुलाबरावांच्या अंगणात गेले. मीही बरोबर होतो. डोळ्याचं सगळं त्यांनी स्वतः सांगितलं आणि कासरे गुलाबरावांच्या पायाजवळ ठेवले. ज्याच्या शेतात त्या पंपाची नळी सुटली होती तोच माणूस समोर बसला होता. ते म्हणाले की जवळच्या तांड्यावरचा प्रल्हाद तयार आहे, तो हाकेल; पण उकंडाजींनी सोडून जायचं नाही. "तुमी एक्स्ट्रा राहा. प्रल्हादले काई झालं तर तुमीच."

ही दया होती, हे अंगणातल्या सगळ्यांना कळलं. उकंडाजींनाही कळलं असावं. पण त्यांनी ती जागा नोकरीसारखी स्वीकारली. दर पटाला ते धुतलेला सदरा घालून, कमरेला शेला आवळून, पूर्ण तयारीने सुटण्याच्या जागी उभे राहत. प्रल्हाद तिशीतला, तडफदार आणि मनाने चांगला होता. तो त्यांना सारखं विचारायचा, आणि ते सांगायचे: पाखऱ्याला आधी पाणी, चांद्याला उगाच थोपटायचं नाही, त्याला कानामागे खाजवलेलं आवडतं. जोडी सुटली की ते मान किंचित उजवीकडे कलती करून ऐकत राहत. चाकांच्या आवाजावरून सेकंद सांगत. माझ्या घड्याळापेक्षा त्यांचा अंदाज फार तर पाव सेकंदाने चुकायचा.

पुढच्या हंगामात एका पटाला जुंपतानाच प्रल्हादच्या मांडीवर पाखऱ्याची लाथ बसली. त्याला उभं राहता येईना. भोंग्यावरून गुलाबरावांच्या जोडीचा पुकारा झाला. गुलाबरावांनी उकंडाजींकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. उकंडाजी पुढे झाले. छकडीवर चढले, कासरे हातात घेतले, आणि मघापासून पाय झाडत असलेला पाखऱ्या एकदम थंड झाला. चांद्याने मान मागे वळवून पाहिलं. झेंडीवाल्याने झेंडी वर केली. मी रेषेवरून ते सगळं पाहत होतो आणि डाव्या बांधावर बायामाणसं दाटीने बसलेली होती.

मला मागाहून कळलं, उकंडाजींनी शेजारच्या माणसाला विचारलं, "डाव्या अंगाले कोनी हाये काय?"

तो म्हणाला, गर्दीच गर्दी आहे.

ते क्षणभर तसेच बसले. मग उतरले, कासरे एका हातात घेतले आणि जोडी पट्ट्यावरून बाहेर चालवत नेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कोणी हसलं. गुलाबरावांची जोडी त्या दिवशी पळालीच नाही. ते जवळून जाताना मी म्हटलं, बरं केलंत. ते जोडी घेऊन तसेच पुढे गेले. मला वाटतं, माझं ते बोलणं त्यांना आवडलं नव्हतं.

त्या वर्षीही अळीने कापूस खाल्ला आणि जो उरला त्याला भाव नव्हता. गुलाबरावांनी सालाने ठेवलेले गडी, सालदार, कमी केले, गाय विकली, आणि उन्हाळा लागता लागता नुसती पटासाठी पोसलेली जोडी घरात ठेवणं त्यांना झेपेना. भंडाऱ्याकडच्या एका शौकिनाने ती घेतली. न्यायला ट्रक आला त्या सकाळी मीही गेलो. फळी लावली, खाली तणस पसरली. बैल चढेनात. प्रल्हादने ओढून पाहिलं, ड्रायव्हरने काठी उगारली, गुलाबराव स्वतः पुढे झाले. चांद्याने फळीवर एक खूर ठेवायचा आणि मागे घ्यायचा. अर्धा तास असा गेल्यावर गुलाबराव माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उकंडाजीले बोलवा."

बोलवायला मीच गेलो. ते दारात बसले होते. त्यांनी सकाळपासून तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. काय काम आहे हे मी सांगितलं. रुखमाबाई आतून म्हणाल्या की जाऊ नका, तुम्हीच काहून जावं. ते उठले, भिंतीवरचा शेला घेतला आणि कमरेला बांधला.

ट्रकजवळ आल्यावर त्यांनी सगळ्यांना लांब उभं राहायला सांगितलं. दोन्ही बैलांच्या मधे शिरले, एकेक हात एकेकाच्या मानेवर ठेवला आणि काहीतरी पुटपुटत फळीवर चढले. बैल त्यांच्याबरोबर चढले, घराच्या गोठ्यात शिरावेत तसे. आत त्यांनी दोघांना बांधलं, गाठी दोनदा तपासल्या. उतरताना फळीवर पाय चुकला म्हणून प्रल्हादने त्यांना धरलं. तो रडत होता. उकंडाजी ड्रायव्हरला सांगत राहिले: वळणावर हळू घेजो, पाखऱ्याले आधी पाणी पाजजो, दुपारी सावलीत थांबजो. ड्रायव्हर हो हो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

ट्रक दारव्ह्याच्या रस्त्याला लागला. गुलाबराव घरात गेले, प्रल्हादही निघाला. आम्ही दोघंच कडुनिंबाखाली उभे राहिलो. एव्हाना त्यांच्या उजव्या डोळ्यातही धूसरपणा आला होता, पण त्यांनी हात कपाळाशी धरून नजर रस्त्यावर लावली होती. ट्रक केव्हाच वळणाआड गेला होता. रस्त्यावर धुळीशिवाय काही नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, "दिसून राह्यली काय गाडी?"

मी म्हणालो, "हो. दिसते अजून."

ते तसेच उभे राहिले. मीही राहिलो.