घोटा खोटं बोलत नाही

रेवसपासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यासाठी देवाकडे जेवढा म्हणून राग शिल्लक होता, तो सगळा त्याने एकाच मडक्यात ठासून भरला आणि भरून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की मडके फार लहान घेतले. ते मडके म्हणजे माझ्या बायकोचे मामा. उंची म्हणाल तर आमच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनापेक्षा चार बोटे जास्त, आणि ती चार बोटेही पागोट्याची, असे त्यांचे शत्रू म्हणत. मी शत्रू नव्हे, म्हणून सांगतो, पागोटे धरून चांगली सहा बोटे. पोटापाण्यासाठी ते नारळी-पोफळीची वाडी शिंपीत. पण धंदा कोणता म्हणून विचाराल तर हुतुतू. हसू नका, धंदाच. नागावची जत्रा असो, चौलची असो, की मुरुडकडचा एखादा उरूस असो, आधी आठ दिवस त्या गावाहून मामांना सुपारी यायची. मामा ती कनवटीला लावायचे, दोन भाकऱ्या आणि सुके बोंबील बांधून पायी निघायचे आणि त्या गावाच्या बाजूने खेळून, समोरच्या गावाचे दोन-चार पैलवान लंगडे करून, खांद्यावर नवे धोतर आणि काखेत जिवंत कोंबडा घेऊन परत यायचे. कोंबड्याची उंची मामांच्या कमरेला लागे, हेही शत्रूंचेच म्हणणे.

त्यांचा खेळ म्हणजे एक पकड. समोरचा गडी 'हुतुतुतु' करीत अंगावर आला की बाकीचे सगळे त्याच्या डोळ्यांकडे बघत. मामा कधीच नाही. ते चिंबोरीसारखे जमिनीलगत वाकून, दोन्ही नांग्या पसरून, फक्त त्याच्या घोट्यांकडे बघत. "चेहरा खोटं बोलतो," ते सांगत. "डोळं बघतात डावीकडं नि मानूस जातो उजवीकडं. घोटा खोटं बोलत न्हाय." आणि एकदा घोटा हातात आला की खलास. सहा फुटी माणूस माड पडावा तसा पडे. त्या पडण्याचा आवाज रेवदंड्याच्या किल्ल्यापर्यंत जाऊन, तटाला आपटून, परत आमच्या गावात येई, तरी तो गडी उठलेला नसे. या सवयीपायी मामा माणसेसुद्धा घोट्यांवरून ओळखत. किनाऱ्यावर मिठाची धामधूम झाली त्या साली जमाव बघून पोलीस आमच्या मैदानात शिरले. सगळे पळाले. मामा मात्र जमादाराच्या पट्ट्या गुंडाळलेल्या पायांकडे टक लावून उभे. म्हणाले, "सायेब, डावा पाय सांभाळा. त्यावर भार देऊ नका, कोनीबी पाडंल." जमादार परत जाताना खरोखरच लंगडत होता, आणि मामांनी त्याला हातही लावला नव्हता.

माझे लग्न ठरले तेही घोट्यांवर. मी अलिबागच्या कचेरीत कारकून, आणि अंगाने ताडमाड. उभा राहिलो की वाशाला डोके लागे. मुलगी बघायला गेलो तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या या गृहस्थांनी माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिले नाही. मला पगार विचारला, वडिलांची शेती विचारली, विडी ओढतो का विचारले, आणि सगळा वेळ नजर माझ्या पायांवर. मी विडी ओढत नाही असे सांगितले. मग त्यांनी सभेला निकाल दिला, "पोरगा बरा हाय. विडी ओढतो. पन खोटं बोलला की उजव्या पायाचा आंगठा हालतो त्याचा, म्हनजे संसारात फसवनार न्हाय. एवढी लांबी मात्र फुकट गेली." पुढे लग्नानंतर मी मामांच्याच आळीत बिऱ्हाड केले, आणि पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तो चौकटीवर कपाळ आपटून गुडघ्यांवर बसलो. ती चौकट त्यांनी सुताराला समोर उभे करून आपल्या मापाने बसवून घेतली होती. "माझ्या घरात येताना कलेक्टर जरी आला तरी वाकल," असे ते ओसरीवर बसून सुखाने सांगत. मामी त्यांच्याहून वीतभर उंच. त्या बिचाऱ्या मला हळद लावीत म्हणाल्या, "दरवाजा नव्हं तो, ह्यांचा राग हाय. मला रोज डोस्क्याला लागतो."

राग हे मामांचे भांडवल होते. पाडव्याला आम्ही कडुनिंबाची पाने गूळ घालून कशीबशी गिळतो. मामा ती नुसती चावून खात आणि पुन्हा मागत. कोणी, कोणत्या जत्रेत, काय म्हटले, हे सगळे त्यांच्या ओठांवर होते. मुरुडच्या एका गलबतवाल्या शेठने त्यांना पहिल्यांदा पाहून म्हटले होते, "सुपारी तो हमने पूरी भेजी थी मियाँ, आदमी आधा कैसे आया?" त्या दिवशी मामांनी एकट्याने अर्धा डाव मारला, आणि शेठने स्वतः उठून त्यांच्या गळ्यात हार घातला. हार घालायला तो वाकला, हे मामा पंधरा वर्षे सांगत होते. हार घातला हे ते सांगत नसत. एकदा तर मुंबईच्या एका क्लबाने बोलावले. मामा आगबोटीने गेले, वळकटी काखेला मारून क्लबाच्या दारात उभे राहिले. चिटणीस त्यांच्या डोक्यावरून लांब रस्त्याकडे बघत म्हणाला, "सामान इथे ठेव. खेळाडू मागून येतोय का?" मामांनी सामान ठेवले. संध्याकाळी त्यांनी पोलिसांच्या संघातला एकेक खांब असा काही उपटला की चिटणिसाचा आवाज बसला. तो धावत आला, "पुढच्या वर्षीही याल ना?" मामा वळकटी बांधीत म्हणाले, "खेळाडू धाडीन." आणि पुन्हा कधी गेले नाहीत.

या रागात एक गोम होती. कोणी डिवचले नाही तर मामा पाहुण्यासारखे खेळत. "या, बसा" म्हणावे तसा समोरचा गडी सोडून देत. हे आमच्या आळीच्या लक्षात आल्यावर त्यांनी गर्दीतून मामांना टोचायला एक माणूस नेमला. तो मी. का, तर मी सगळ्यांत उंच, आवाज वरून येतो, आणि जावई असल्यामुळे मला कोणी मारणार नाही. मी धोतराचा सोगा धरून ओरडायचो, "अरे, हे कुणाचं पोर हरवलंय बघा!" किंवा "त्या गड्याला कोणी उभं करा रे!" की मामांची मान ताठ व्हायची आणि पुढचा घोटा गेलाच. पण जुना टोमणा दुसऱ्यांदा लागत नसे. दरवर्षी जत्रा जवळ आली की मी कचेरीत फायलींवर मान ठेवून नवे अपमान शोधत बसे. साहेबांना वाटे, कारकून कामाचा आहे. मामांना हे सगळे ठाऊक होते की नाही, देव जाणे. जिंकल्यावर ते मला एवढेच म्हणत, "जावयबापू, ह्या वर्षाचा जरा पातळ व्हता."

बाहेरगावचे टोमणे असे दंडात उतरत आणि संपत. गावचा एक होता, तो मात्र आत गेला आणि तिथेच राहिला.

आमच्या गावच्या भैरी देवाची चैत्रात जत्रा. सकाळी पालखी समुद्रावर स्नानाला जाते. दुपारी वाळूत वरली आळी आणि खालची आळी यांचा हुतुतू. जी आळी जिंकेल तिच्या गड्यांनी देवाची पालखी खांद्यावर घेऊन देवळात आणायची, हा मान. पालखीच्या दांड्याने खांद्यावर वळ उठतो आणि त्या वळाची आमच्याकडे केवढी मिजास! माणसे पुढे महिनाभर उघड्या अंगाने हिंडतात. सोयरिकीच्या बैठकीत मुलाचा बाप मुलाची बंडी काढून दाखवतो. मामा बाहेर सुपारी घेऊन खेळत, गावात मात्र वळासाठी. त्यांच्या जिवावर वरली आळी वर्षांमागून वर्षे जिंकली, आणि वर्षांमागून वर्षे तेच व्हायचे. पालखी उचलली की दांडा मामांच्या डोक्यावरून जायचा. पहिल्या वर्षी त्यांनी हट्टाने टाचा उंचावून खांदा लावला. त्यांच्यासाठी इतरांनी हात थोडा ढिला केला तशी पालखी कलली, नारळ घरंगळले, देवाचा मुखवटा तिरका झाला, आणि गुरव कपाळ बडवीत ओरडला, "देव पाडशील रे! तू हो बाजूला, तू नारळाची पिशवी धर!" अख्खे गाव हसले. पुढल्या वर्षी मामा काथ्याची चांगली जाड उशी करून खांद्याला बांधून आले. ती केवड्याच्या बनापाशी घसरली. त्याच्या पुढल्या वर्षी त्यांनी बुटांची चौकशी केली, पण पालखीला अनवाणी चालायचे असते. मग त्यांनी विचारणेच सोडले. जिंकून झाले की अंगाची वाळू न झाडता समुद्राकडे तोंड करून बसायचे, आणि पाठीमागून त्यांनी जिंकलेली पालखी वाजतगाजत दुसऱ्यांच्या खांद्यांवर जायची. गावाला मामांचे हात हवे होते. खांदा नको होता. एवढी साधी गोष्ट, पण मोठमोठ्या मिशांच्या एकाही माणसाने ती कधी तोंडाने कबूल केली नाही. उलट म्हणायचे, "काय करनार, देवाचंच माप तसं हाय."

शेवटच्या वर्षी मामांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. बाकीचे सगळे गडी त्यांनीच वाळूत लोळवून तयार केलेले तरुण, आणि त्यांचा म्होरक्या दामू. रेड्यासारखा देह, पण मामांसमोर शेळी. डाव अखेरीला बरोबरीत आला. खालच्या आळीचा सगळ्यांत दांडगा गडी चढाईवर निघाला. मी तोंड उघडणार तोच पलीकडच्या गर्दीतून कोणी तरी ओरडले, "म्हाताऱ्या, कशाला मरतोस? पालखी तुझ्या डोस्क्यावरनंच जानार!" मामांनी वरही पाहिले नाही. त्या गड्याचा घोटा धरला तो असा, की सोडवायला चार माणसे लागली. डाव संपला होता, तरी सोडीनात.

मामा समुद्राकडे निघाले तेव्हा दामू आडवा आला. "मामा, तिकडं कुठं? तुमची जागा पुढची." गुरव कळवळला, "दाम्या, देव कलंल!" दामू म्हणाला, "न्हाय कलनार. उचला रे!" आणि खरेच, पालखी उठली आणि दांडा अलगद मामांच्या खांद्यावर येऊन टेकला. पालखी सुतासारखी सरळ. ढोल वाजले. मामांनी डोळे मिटले. मी लग्नापासून त्या माणसाचा चेहरा शंभर रागांत पाहिला होता. असा कधी पाहिला नव्हता. कपाळावरच्या आठ्या एकेक करून निघून गेल्या आणि खालून कोणी तरी भलतेच तरुण बाहेर आले. केवड्याच्या बनापर्यंत ते तसेच मिटल्या डोळ्यांनी चालले.

मग त्यांनी डोळे उघडले. दुसरा कोणी असता तर समोर पाहिले असते, वर आकाशाकडे पाहिले असते, देवाकडे पाहिले असते. मामांची नजर जन्माच्या खोडीने खाली गेली. मागच्या गड्याचे गुडघे वाकलेले. दामूचे वाकलेले. पालखीखालचा एकूणएक गडी पोटात कळ आल्यासारखा अर्धा बसून चालत होता.

मामा थांबले, तशी पालखी थांबली. आमच्याकडे पालखी अडली म्हणजे देवाला काही सांगायचे असते. गुरव धावत पुढे येऊन हात जोडून विचारू लागला, "देवा, काय चुकलं? कोनाचं चुकलं?" बायका घाबरल्या. तेवढ्यात दांड्याखालून आवाज आला, "सरळ उभे ऱ्हावा."

"मामा, चला ना," दामू कुजबुजला. घामाने निथळत होता बिचारा. "थोडंच ऱ्हायलंय."

"मी जनमभर मोठ्या मानसांना वाकवलं, दाम्या. ह्या हातांनी. कोनी माझ्यासाठी वाकलेला मला न्हाय चालत. सरळ व्हा म्हनतो ना!"

ते सरळ झाले. दांडा मामांच्या खांद्यावरून वर गेला. मला वाटले, आता हे निघून समुद्रावर जातील. गेले नाहीत. खांदा तसाच पुढे काढून, मान ओझ्याखाली कलते तशी कलती ठेवून, ते देवळापर्यंत दांड्याखालून चालले. खांदा आणि दांडा यांच्यामध्ये हातभर फट होती आणि तिच्यातून मावळतीचा उजेड आरपार येत होता. त्या दिवशी कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. निदान राग तरी आला असता त्यांना.

त्यानंतर गावोगावच्या सुपाऱ्या येतच राहिल्या. मामा त्या अडकित्त्याने कातरून पानात घालून खात आणि आणणाऱ्याला पाणी पाजून परत पाठवीत.

पण माझ्या मनात राहिली आहे ती जत्रेनंतरची सकाळ. मामा रहाटाजवळ आंघोळ करीत होते. मी नेहमीप्रमाणे चौकटीपासून कपाळ वाचवून मागच्या अंगणात आलो. त्यांनी मला हाक मारली आणि पाठ माझ्याकडे केली.

"जावयबापू, तुमी उंच. तुमाला वरनं नीट दिसंल. खांद्यावर वळ उठलाय का?"

मी वाकून पाहिले. ओल्या, काळ्या, आखूड खांद्यावर कुठे काही नव्हते.

"उठलाय, मामा," मी म्हणालो. "चांगला लाल आहे."

उजव्या पायाचा अंगठा हललाच माझा. वाळूत खड्डा पडला एवढा हलला. मामा वळले. त्यांची नजर खाली जाणार म्हणून मी श्वास धरून उभा राहिलो. पण ती खाली गेली नाही. डोळ्यांत आलेले पाणी हाताने निपटीत, मान मागे टाकून, आयुष्यात पहिल्यांदाच ते वर, माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.