कावीळ उतरली, खाज राहिली

आमच्या एंडोस्कोपीच्या खोलीत पेशंटच्या दातांत रिंग बसवली की त्याचं बोलणं बंद. त्यामुळे जे काय बोलायचं ते लोक आधी तरी बोलून घेतात, नाहीतर नंतर. मी इथली सिस्टर, कान उघडेच. किस्से साठणार नाहीत तर काय होईल?

*

बोईसरच्या कारखान्यातला एक फिटर. पित्ताच्या नळीत कॅन्सरची गाठ. डॉक्टरांनी समजावलं, तोंडातून दुर्बीण घालायची, तारेनं गाठीला आतून गरमी द्यायची, वाट झाली की जाळीची नळी बसवायची. पोटावर काप नाही.

तो म्हणाला, "साहब, हमारे यहाँ लाइन जाम हो तो शटडाउन लेते हैं. आप चालू लाइन में काम करोगे?"

"शटडाउन न हो जाए, इसीलिए तो कर रहे हैं."

दोघं हसले. मला काही हसू आलं नाही.

*

पाम गावचे हरीकाका आले तेच पिवळेधमक. गाठ तीच. गळ्यात काविळीची माळ. ती लांबत खाली येते तशी कावीळ उतरते, असं आमच्याकडे मानतात. मी म्हटलं, "माळ काढा." तर मंजूकाकी, त्यांची बायको, आडव्या आल्या.

"आता कुटं छातीपर्यंत आली. अर्दी कावीळ आतच राहील."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. माळ काढली आणि काकांच्या पायात अडकवली. "घ्या, उतरली."

काकी बाजूला झाल्या.

*

पित्त तुंबलं की अंगभर खाज सुटते. काकी पिशवीत नारळाची शेंडी घेऊनच आलेल्या. वॉर्डात बसून काकांची पाठ घासत असायच्या.

"सिस्टर, जन्म गेला, कदी जवळ बस म्हनाले नाय. आता दिवसभर म्हनतात, पाठ खाजव."

बोलताना हात चालूच. मी उगाच सलाईन तपासलं.

*

आत नेताना काकींनी विचारलं, "डाक्टर, भाजल्यावर गाठ मरंल ना?"

आमचे डॉक्टर खोटं बोलत नाहीत. कधीकधी मला त्याचा रागच येतो.

"थोडी जळेल, काकी. सगळी जाणार नाही. पण वाट मोकळी होईल. काका जेवतील, झोपतील. काही महिने बरे जातील."

"महिने तर महिने. तेवढे द्या."

*

महिन्याभरानं दोघं तपासणीला आले. काकांच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेलेला, रिपोर्ट चांगला. डॉक्टर खूश.

काकी म्हणाल्या, "सगळं बरं हाय. खाज तेवढी जात नाय. अजून रोज बसावं लागतं मला."

डॉक्टर बुचकळ्यात पडले. पुन्हा रिपोर्ट बघितला. मग काकी पाणी भरायला बाहेर गेल्या तेव्हा विचारलं, "काका, नक्की कुठं खाजतं?"

काकांनी दाराकडे बघितलं. "खाज कवाच गेली. तिला सांगू नका."

काकी आल्या. डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "काकी, याला औषध नाही. तुम्हालाच खाजवावं लागेल."

काकींनी पिशवीत शेंडी आहे ना ते बघून घेतलं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.