डायनोवर सासूबाईंना नेलं तेव्हा

माझ्या सासूबाई बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगायच्या की सून ट्रेकला जाते. मी त्यांना 'ट्रॅक' म्हणाले होते. त्यांनी 'ट्रेक' ऐकलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही, कारण ट्रेकला जाणाऱ्या सुनेबद्दल मुलुंडमध्ये कोणाचंच काही म्हणणं नसतं. पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी असलेली बाईक त्यांच्या मुलाची आहे आणि मी ती फक्त सांभाळते, असाही त्यांचा समज होता. मुलगा, म्हणजे माझा नवरा, जहाजावर इंजिनिअर आहे. वर्षातला निम्मा काळ समुद्रात. त्याला सगळं ठाऊक होतं. आईला सांगायचं काम त्याने माझ्यावर टाकलं होतं आणि मी 'बघू' म्हटलं होतं.

मी घाटकोपरला एका विमा कंपनीत दुचाकींचे क्लेम्स बघते. दिवसभर माझ्यासमोर मोडलेल्या गाड्यांचे फोटो येतात. समोरून, मागून, डावीकडून. अशा माणसाला चाळिशी उलटल्यावर मोटरसायकल का चालवावीशी वाटली, हे ऑफिसात कोणाला कळलं नाही. मलाही नीट सांगता येत नाही. रस्त्यावर मला भीती वाटते. रेसच्या ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, खड्डे नसतात, कुत्रं आडवं जात नाही. एवढं मला पुरेसं होतं. एक चारशे सीसीची सेकंडहॅण्ड स्पोर्ट बाईक घेतली. आधीच्या मालकाने तिचा सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलला होता. दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर बाईक ट्रकने जायची, मी विमानाने.

तिथल्या प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी माझं निदान केलं.

"मॅडम, वळणातून बाहेर पडताना तुम्ही थ्रॉटल सोडताय. घाबरताय."

मी म्हटलं, मी सोडत नाही.

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला.

मी पुढच्या वेळी लक्ष ठेवलं. वळण संपत आलं की मी थ्रॉटलवरचं मनगट हळूहळू वळवत होते, म्हणजे गाडीला वेग देत होते. गाडी मध्येच एक क्षण गप्प व्हायची आणि मग एकदम पुढे झेप घ्यायची. तेवढ्यात माझ्यासोबत शिकणारी दोनतीन पोरं बाजूने निघून जायची. मनगट वळलेलं मला जाणवत होतं, पण प्रशिक्षकाचा अनुभव मोठा होता आणि माझं वय मोठं होतं. शेवटी मी मान्य केलं की मी घाबरते. रोज ते फोटो बघून आणखी काय होणार? बाईकची पॉवर वाढवली तर निदान ट्रॅकच्या सरळ भागावर तरी पोरं मागे राहतील, अशा हिशेबाने मी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या, इंजिनं जुळवून देणाऱ्या एका ट्यूनरची वेळ घेतली.

त्याच दिवशी सासूबाईंची डोळ्यांची तपासणी निघाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, आता फक्त आतून बघायचं होतं. हॉस्पिटल अंधेरी पूर्वेला. मी बाईक आदल्या संध्याकाळी टेम्पोत घालून मरोळला सोडून आले होते. तपासणी झाली की सासूबाईंना रिक्षात बसवून घरी पाठवायचं, असं ठरवलं होतं. पण डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि सांगितलं की काही तास यांना नीट दिसणार नाही, एकटं सोडू नका.

म्हणून काळा चष्मा लावलेल्या सासूबाईंना घेऊन मी मरोळला गेले. गाळ्याच्या दारात त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

"खंय इलों आपण?" त्यांनी विचारलं. त्या मूळच्या मालवणच्या. लग्न करून परळच्या चाळीत आल्या, तिथून मुलुंडला. मालवणी मात्र सोडली नाही.

"गॅरेजमध्ये. थोडं काम आहे."

ट्यूनर पस्तिशीचा असेल. इंजिनिअरिंग केलेला, बोलणं मोजकं. त्याने विचारलं, "प्रॉब्लेम काय आहे?"

"पॉवर कमी आहे."

"कुठे?"

"सगळीकडे."

त्याने मान हलवली. बहुतेक लोक त्याला हेच सांगत असणार.

डायनो म्हणजे जमिनीत बसवलेला एक जड लोखंडी रोलर. बाईकचं मागचं चाक त्याच्यावर ठेवतात, पुढचं चाक घट्ट पकडून ठेवतात, चारी बाजूंनी पट्टे आवळतात. मग गाडी जागच्या जागी पळवतात आणि चाकापर्यंत किती ताकद पोहोचते ते लॅपटॉपवर दिसतं. ट्यूनरने समोर मोठा पंखा लावला, सायलेन्सरमध्ये सेन्सर खुपसला, कानांवर हेडफोनसारखं काहीतरी चढवलं आणि बाईकवर बसला. सासूबाईंच्या कानांचं माझ्या लक्षातच आलं नाही.

त्याने चौथा गिअर टाकून थ्रॉटल पूर्ण उघडला. बंद गाळ्यात तो आवाज चढत चढत असा काही पोहोचला की शेजारच्या गाळ्यात हेअरक्लिपा पॅक करणाऱ्या बायका बाहेर आल्या. सासूबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. पर्स छातीशी धरलेली. दिसत काही नव्हतं, त्यामुळे कुठल्या दिशेला पळावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

मी धावत जाऊन त्यांना धरलं. आवाज उतरला.

"ह्या काय गो?"

"बाईक आहे. टेस्ट चाललीय."

"कोण चलवता ही?"

मी काही म्हणायच्या आत ट्यूनर कानांवरचं काढून म्हणाला, "आजी, मॅडमच चालवतात. ट्रॅकवर."

सासूबाई खाली बसल्या. 'ट्रॅक' आणि 'ट्रेक' यांचा उलगडा त्यांना तिथेच झाला असावा. त्यांनी पर्स मांडीवर ठेवली. मग मुलाबद्दल विचारलं, "झिलाक म्हायत आसा?"

"हो."

"खंय जातंस तू हिच्यावर?"

"कुठे नाही. ट्रॅक असतो. गोल असतो, वळणांचा."

"आनि मगे परत थंयच?"

"हो."

"मगे घाई कसली?"

 

ट्यूनरने मला लॅपटॉपजवळ बोलावलं. पडद्यावर ताकदीची रेघ चढत होती आणि मध्यावर एक खड्डा होता. रेघ तिथे खाली यायची आणि मग एकदम उभी चढायची.

"इथे पेट्रोल कमी पडतंय," तो म्हणाला. "सायलेन्सर-फिल्टर बदललाय, हवा जास्त येते, पण पेट्रोलचं सेटिंग कंपनीचंच आहे. कोणी ट्यून केलंच नाही. वळणातून बाहेर पडताना गाडी अडखळते ना?"

"मला वाटलं, मी थ्रॉटल सोडते."

"तुम्ही कशाला सोडाल? आत्ता मी बसलो होतो. माझ्याखालीपण अडखळली."

मी त्या खड्ड्याकडे बघत राहिले. महिनोन् महिने जी माझी भीती म्हणून मी मान्य केली होती, तिचा आकार साधारण बशीएवढा होता आणि तिला उपाय होता. मला एकदम रडू आलं. ट्यूनर लॅपटॉपवर वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. थोडा थ्रॉटल, थोडा आणखी थ्रॉटल, प्रत्येक ठिकाणी थांबून पेट्रोल कमी-जास्त. शेजारच्या बायकांनी सासूबाईंना आत नेऊन चहा पाजला आणि सून काय करते ते त्यांच्याकडून ऐकून घेतलं. शेवटच्या रनमध्ये रेघ एका चढणीवर चालत गेल्यासारखी वर गेली. एकूण पॉवर फारशी वाढली नव्हती. ट्यूनरने तसं स्पष्ट सांगितलं. मला काहीच वाईट वाटलं नाही.

 दुसऱ्या दिवशी सकाळी सोलकढी गाळता गाळता सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या टायमाक मी येतंय."

आणि त्या आल्या. ट्रॅकवर शेडखाली खुर्ची, कानांत कापूस, मांडीवर लाडवांचा डबा. पहिल्याच सेशनमध्ये मी त्या नेहमीच्या वळणातून बाहेर पडले आणि गाडी अडखळली नाही. मनगट जेवढं वळलं तेवढी ती पुढे गेली. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने हसत होते. प्रशिक्षक म्हणाला, "बघा, भीती गेली की नाही?" मी त्याला फोनवर डायनोचा ग्राफ दाखवला. त्याने तो मोठा करून दोनदा बघितला आणि म्हणाला, "सॉरी मॅडम." हे तो म्हणाला नसता तरी चाललं असतं, पण म्हणाला.

दुपारी मी पडले. गाडी आता मागेन तेवढं देते, हे कळल्यावर मी जरा जास्तच मागितलं. मागचं चाक सुटलं आणि मी घसरत घसरत खडीत जाऊन थांबले. हाडं शाबूत होती. क्लचचा लिव्हर तुटला, एका बाजूचं फायबर खरवडलं गेलं. ट्रॅकवर झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही. हे वाक्य मी आठवड्यातून कितीतरी वेळा लोकांना लिहिते, त्यामुळे तो प्रश्न लगेच मिटला.

ट्रॅकच्या पिकअपमधून मी परत आले तेव्हा सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझे दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत दाबून बघितले. मग गुडघे. 

"लागला?"

"नाही."

"खराच?"

"खरंच नाही लागलं, आई."

त्यांनी डबा उघडून एक लाडू माझ्या तोंडात कोंबला, ग्लोव्ह्ज काढायच्या आधीच. मी तो संपवेपर्यंत त्या बघत राहिल्या. मग विचारलं, "संपला काय सगळा?"

"एक सेशन राहिलंय."

त्यांनी वळून बाईककडे बघितलं. एक मेकॅनिक नवा लिव्हर लावत होता. "जाशीत?"

"जाऊ?"

"माका कित्याक इचारतंस? इतक्या दिवसांत इचारलंस?"

मी गेले. सावकाश चालवली, पण चालवली. सासूबाई या वेळी खुर्ची सोडून सरळ रस्ता संपतो तिथल्या जाळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. प्रत्येक फेरीला त्यांचं निळं पातळ मला दिसायचं.

संध्याकाळी मी ट्यूनरला फोन करून पडल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "बाईकला काय झालं?" नंतर बऱ्याच वेळाने, "तुम्ही ठीक ना?"

रात्री हॉटेलवर जहाजावरून नवऱ्याचा फोन आला. त्याने आधी आईला विचारलं, कसं काय झालं. सासूबाई स्वतःचे पाय चेपत बसल्या होत्या.

"बरी चलवता," त्या म्हणाल्या. "पन त्या जाळीकडच्या वळणार भियाता. खूप आधी ब्रेक मारता."

ते खरं होतं. त्या वळणावर गाडीचा काहीच दोष नव्हता.