एकच फेटा

पदवीच्या शेवटच्या वर्षाला आता संशोधन प्रकल्प असतो. प्रकल्प दोन विषयांत मोडत असेल तर आमच्याकडे दोन विभागांतून दोन मार्गदर्शक देतात. वृत्तपत्राच्या डेस्कवरून मी विद्यापीठात पत्रकारिता शिकवायला आलो, आणि मला मिळालेल्या पहिल्या खऱ्या चांगल्या विद्यार्थिनीच्या वाट्याला असे दोघं आले. एक मी. दुसऱ्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम.

मुलगी शिवाजी पेठेतली. वडील जुने पैलवान, शाहूपुरीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान. तिचा विषय दूध कट्टा. संध्याकाळी रस्त्याकडेला म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाईकासमोर धार काढतात आणि लोक तिथंच उभ्यानं ते फेसाळ दूध पितात. हे दूध कितपत स्वच्छ असतं आणि लोक त्यावर इतका विश्वास का ठेवतात, असे तिचे दोन प्रश्न होते. पहिला मॅडमचा, दुसरा माझा. विषय मीच सुचवला होता. ती पुढं बातमीदार व्हावी आणि तिनं मला गुरू म्हणावं, एवढं मला हवं होतं.

सुरुवातीला ती माझ्याच खोलीत बसायची. मग तिची वाक्यं ‘मॅडम म्हणतात’ अशी सुरू व्हायला लागली. मी मुलाखतीचे प्रश्न दुरुस्त करून द्यायचो, ती ‘हो सर’ म्हणून घेऊन जायची. प्रयोगशाळेतून मात्र तिचा आवाज व्हरांड्यापर्यंत यायचा.

“न्हाय मॅडम, हा नमुना मी टाकणार न्हाय.”

“मग बस कवटाळून. मी चालले घरला.”

“चावी ठेवून जावा की!”

माझ्याशी ती कधी भांडली नव्हती. याचं मला तोवर समाधान वाटत होतं.

एकदा मी कट्ट्यावर गेलो. काम कसं चाललंय ते बघायला, असं कारण होतं. समोरच्या चहाच्या गाड्यावर उभा राहिलो. मॅडम स्कूटरवरून आल्या, मागं मुलगी, दोघींच्या मधे बर्फाची पेटी. मॅडम गडमुडशिंगीच्या, घरी गोठा. आडवी उभी राहिलेली म्हैस त्यांनी पाठीवर थाप मारून सरकवली. मुलीनं नमुना बाटलीत घेतला, झाकण लावलं, आणि उरलेला ग्लास मॅडमनी सरळ तोंडाला लावला.

“मॅडम! आधी तपासायचं की!”

“तपासूस्तोवर गार होतंय गं.”

मग मुलीनंही एक ग्लास घेतला. दोघींच्या ओठांवर फेसाची मिशी आली आणि दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. मी चहा अर्धा ठेवून निघालो.

विभागीय प्रदर्शनासाठी प्रकल्पाचं पोस्टर करायचं होतं. मजकूर जास्त झाला, तेव्हा तो कापायला मी घेतला. बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं, जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद जातो. इतकी वर्षं मी हेच करत आलो होतो. तिच्या शेवटच्या परिच्छेदात अभ्यासाच्या मर्यादा होत्या : नमुने फक्त उन्हाळ्यातले, आणि ज्यांनी घेऊ दिले त्यांच्याच म्हशींचे. तो मी काढला.

“सर, शेवटचा परिच्छेद कुठं गेला?”

“जागा नव्हती.”

“हो सर.”

छापायच्या आधी मॅडमनी तो परत घातला, आणि जागेसाठी मी लिहून दिलेली सुरुवात काढली. संध्याकाळच्या कट्ट्याचं वर्णन होतं. ते चांगलं होतं, असं माझं अजूनही मत आहे.

प्रदर्शनात परीक्षकांचा पहिलाच प्रश्न आला : ज्यांनी नमुने दिले नाहीत, त्यांचं दूध कसं असेल?

“माहीत नाही,” ती म्हणाली. “म्हणूनच ते खाली लिहिलंय.”

परीक्षकांनी एकमेकांकडं पाहिलं. तिचा पहिला क्रमांक आला.

निकाल कळताच वडील दुकान बंद करून आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि एक कोरा फेटा. पेठेत पैलवान कुस्ती मारून आला की वस्तादाला फेटा बांधतात, पैलवानाला नंतर.

“वस्ताद कोण हिचं?” त्यांनी विचारलं.

कुणीतरी आम्हा दोघांकडं बोट दाखवलं.

“दोघं? एका पैलवानाला दोन वस्ताद नसत्यात, पावणं. डाव कुणाचा मारायचा मग?” असं म्हणून ते माझ्याकडंच आले. आम्हा दोघांत पुरुष मी होतो. मी चष्मा काढला. फेट्याचं टोक माझ्या खांद्यावर आलं.

“पप्पा, थांबा,” मुलगी म्हणाली. “वस्ताद मॅडम हायत.”

“बाई?”

“व्हय.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि टोक काढून घेतलं. “राग धरू नका हां, सर.”

“अहो, सरांना बांधा की,” मॅडम म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. तोवर त्यांच्या डोक्यावर पहिला वेढा बसलाही होता. फेटा चांगला बांधला होता. कुठं खोट काढता येते का, ते मी बघितलं. शेवटी वडील म्हणाले, “सर, तुम्ही पेपरवालं. फोटो तुमीच काढा.” मी चष्मा घातला आणि फोटो काढला.

जुन्या ओळखीनं त्याच संध्याकाळी बातमी मीच लिहून पाठवली. वर मुलगी, मग कट्टा, मग मॅडम. स्वतःचं नाव पहिल्या परिच्छेदात घालणं बरं दिसत नाही, म्हणून ते शेवटच्या ओळीत घातलं. दुसऱ्या दिवशी अंक आला. फोटो मोठा लावला होता, फेट्यासकट. मजकूर खालून कापला होता.

मुलगी अंक घेऊन खोलीत आली.

“सर, तुमचं नाव कुठाय?”

“जागा नसेल.”

“असं कसं सर? विषय तुमचा होता की!” ती पहिल्यांदाच माझ्यासमोर आवाज चढवून बोलत होती. क्षणभर मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, “मॅडम लई चिडल्यात. सकाळीच संपादकांना फोन लावला त्यांनी. म्हणाल्या, सरांचं नाव उद्या आलंच पायजे.”

दुसऱ्या दिवशी ते आलं, आतल्या पानावर, दुरुस्तीच्या चौकटीत. तेवढं मात्र मॅडमनी करायला नको होतं.