रिकामी स्ट्रिप, एक चॉकलेट

मुदत संपलेली औषधं कंपनी परत घेते, किस्से घेत नाही! मोहाडीतल्या माझ्या मेडिकलमध्ये ते साचतच चाललेत.

सुरुवात माझ्याच नियमानं झाली. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशननंतर माझ्या बायकोला, सुनंदाला, दवाखान्यातच इन्फेक्शन झालं. तिनं एकही डोस चुकवला नाही. पण लोकांच्या अर्धवट कोर्सांनी निर्ढावलेल्या त्या जंतूंवर एकही अँटिबायोटिक चालेना. ती गेल्यावर काउंटरमागे तिचा फोटो लावला. खाली पाटी: 'कोर्स पूर्ण करा. रिकामी स्ट्रिप दाखवा, चॉकलेट न्या.'

झालं!

*

आंधळगावच्या मीराबाई गोळ्या नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी रिकामी स्ट्रिप घेऊन हजर.

"पाच दिवसांच्या गोळ्या एका दिवसात?"

"घरातल्या सगळ्यायले एकेक देल्ली. एकट्या बुढ्यानंच कायले खावं?"

*

एक रिटायर्ड गुरुजी तीन स्ट्रिपा घेऊन आले. तिन्ही बीपीच्या!

"गुरुजी, ह्या तर जन्मभर घ्यायच्या असतात."

"मंग जन्मभर चॉकलेट द्या!"

*

कडी केली शेजारच्या शामरावनं. हर्नियाच्या ऑपरेशनची जखम चिघळली. पुवाच्या तपासणीत, कल्चर रिपोर्टात, त्या जंतूंवर एकच गोळी चालणारी निघाली. मी हात जोडून सांगितलं, "सात दिवस. एकही चुकवू नको."

चौथ्या दिवशी रिकामी स्ट्रिप घेऊन आला. मी त्याच्या घरी जाऊन पाहिलं, तर उरलेल्या गोळ्या स्टीलच्या डबीत!

"तुमीच तं म्हनलं, रिकामी स्ट्रिप दाखवा! बरं वाटून राहिलं, म्हून ठेवल्या. पाहुणे आले तं कामी येतीन."

उरलेले दिवस सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर बसून गोळी गिळवली. जखम भरली.

*

यंदा माझी दाढ सुजली. डेंटिस्टनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी दुखणं थांबलं. मी गोळी विसरलो.

तिसऱ्या दिवशी शामराव काउंटरवर. "भाऊ, तुमची स्ट्रिप दाखवा."

"उद्या दाखवतो."

"आताच!"

खिशातून काढली. सकाळची गोळी तशीच होती. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. मग रोज सकाळ-संध्याकाळ यायचा, मी गिळेपर्यंत बाकावर बसायचा. गिऱ्हाइकं हसायची.

पाचव्या संध्याकाळी त्यानं रिकामी स्ट्रिप उजेडात धरून तपासली. माझ्याच बरणीतून दोन चॉकलेटं काढली. एक माझ्या हातावर ठेवलं.

"अन् दुसरं कशाला?"

"वहिनीचं," फोटोकडे बोट करत तो म्हणाला. "त्यायनं तं कोर्स पुरा केला होता ना!"